मुलाम्याआधीचा रंग

कोफूच्या मागल्या गल्लीत माझं दुकान.
दुकान कसलं, एक बाक, एक दिवा, चार कानशी
आणि खिळ्याला वडिलांचा काळा चष्मा:
प्लॅटिनम वितळताना डोळे जाऊ नयेत म्हणून.

ते दोघं आले तेव्हा मी चहा गाळत होते.
तेत्सुया पोस्टात. चिहारू द्राक्षबागेत,
बोटांच्या पेरांत डिंकाचे डाग.
तिनं कागदाची पुडी उलगडली.
आईचा हिरा, पाव कॅरेटला थोडा कमी,
कडेला टवका, डोळ्याला दिसत नाही,
नखाला लागतो.

"प्लॅटिनमच," तो म्हणाला.
पगाराचा हिशेब आधीच करून आला असावा,
'च' म्हणताना आवाज जरा चढला.

मी तिला म्हटलं, डोळे मीट.
डाव्या तळहातावर पांढरं सोनं ठेवलं,
उजव्यावर प्लॅटिनम.
उजवा हात किंचित खाली आला,
घडाचा देठ कापल्यावर येत असेल तसा.

सोनारानंच कान टोचावे.
म्हणून टोचले.
ओरखडे प्लॅटिनमवरही पडतात, हो.
पण ते फारसं झिजत नाही, सरकतं;
रेघेच्या दोन्ही अंगांना बारीक वरंबे उभे राहतात
आणि तराजूला काही कळत नाही.
पांढरं सोनं मुळात पांढरं नसतंच.
पिवळ्यात पॅलेडियम घालून त्याला गप्प केलेलं असतं,
वर ऱ्होडियमचा मुलामा,
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा.
दोन वर्षांत, तुझ्या कामात तर एकाच,
तळव्याकडच्या अंगानं आतलं डोकावू लागतं.
मग या. पुन्हा मुलामा. पुन्हा या.
ते महाग, पण एकदाच.
हे स्वस्त, पण हप्त्याहप्त्यानं.

एवढं सांगेपर्यंत चहा निवला.

"आणि मुलामा दिलाच नाही तर?"
चिहारूनं विचारलं.

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
नाही, एकदा विचारलं होतं.
मीच, वडिलांना, उमेदवारीच्या पहिल्या वर्षी.
"गिऱ्हाईक काय म्हणेल," एवढंच बोलून
त्यांनी टाकीचं बटण दाबलं होतं.

मी खण ओढला. तळाशी एक अंगठी होती,
घासून पुसून तयार, टाकीत कधीच न बुडवलेली.
चांदी म्हणवेना, पोलाद म्हणवेना.
भाताच्या पेंढ्यावर सकाळचं धुकं बसतं,
त्याच्या आसपासचं काहीतरी.

चिहारू ती दिव्याखाली फिरवत राहिली.
"आईची अशीच दिसायची शेवटी.
आम्हाला वाटायचं, मळलीय.
इस्पितळात तिच्या उशाशी बसून
मी टूथपेस्टनं घासत होते.
ती म्हणाली, राहू दे गं.
मी तरी घासत होते."

तेत्सुयानं खिशातला कागद काढला,
आकडे बघितले, घडी घातली, परत ठेवला.
"चमकेल ना?"
हिरा चमकेल, मी म्हटलं. बाकीचं तुमच्याबरोबर राहील.
"मग चार नख्या तरी," तो म्हणाला,
"प्लॅटिनमच्याच."
ही मात्र शहाणपणाची गोष्ट होती.
प्लॅटिनमची नखी धरते ते सोडत नाही.

"आणि तो टवका?" मी विचारलं.
चिहारू पहिल्यांदा हसली.
"तो झाका. तेवढं चालतं ना?"
चालतं. एका नखीखाली सहज जाईल.

ते गेल्यावर पावती लिहायला घेतली.
धातू, घडणावळ, बसवणूक.
मुलाम्याचा रकाना वडिलांच्या वेळेपासून छापलेलाच येतो.
मी तिथे आडवी रेघ मारली.
शाई जरा जास्त झाली.
वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले,
समोर तीन कप, तिन्हींत चहा तसाच.